सोलापूरचं ऊन आणि खिडकीचा पडदा

(हा आमच्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका ई-मेलमुळे झालाय. होटगी रोडकडे नवीन फ्लॅट घेतलेल्या एका श्रोत्यांनी लिहिलं होतं: "सर, तुमचा कार्यक्रम इतिहासाचा आहे हे माहीत आहे, तरी विचारतो. घराला सहा खिडक्या आहेत. दुकानात रोलर ब्लाइंडचे चौदा हजार सांगितले. घराचा हप्ता नुकताच सुरू झालाय, एवढे जमणार नाहीत. सोलापूरच्या उन्हाला स्वस्तात काय लावावं?"

आधी मला हसू आलं. म्हटलं, हे पडद्याच्या दुकानात विचारायचं सोडून मला का विचारताहेत? पण मग विचार करत बसलो आणि लक्षात आलं की प्रश्न योग्य माणसाकडेच आलाय. कारण सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, ही काही आजची गोष्ट नाही. वीज नव्हती, पंखा नव्हता, काच नव्हती, तेव्हाही माणसं इथं राहत होतीच. खिडकीचं काय करायचं, याचं उत्तर प्रत्येक पिढीनं आपल्या ऐपतीप्रमाणे शोधलेलं आहे. तर आज तोच इतिहास बघू, आणि शेवटी त्या सहा खिडक्यांचा हिशेबही करू.

माळवदाचं घर

सुरुवात खेड्यातून करतो. माझं आजोळ मोहोळ तालुक्यातलं. घर माळवदाचं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: दगडमातीच्या दीड-दोन हात जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. छप्पर सपाट. आपल्याकडे पाऊस कमी, म्हणून हे चालतं. कोकणात असं घर एका पावसाळ्यात वाहून जाईल.

या घराला खिडक्या किती? रस्त्याच्या बाजूला जवळजवळ नाहीच. असली तर वीतभर रुंदीची, उंचावर. उजेड यायचा तो अंगणाकडच्या दारातून आणि छतातल्या छोट्या भोकातून, ज्याला आमच्याकडे साणं म्हणायचे. पाऊस आला की त्यावर फरशी किंवा पालथी पाटी सरकवायची.

आम्हा मुलांना ते घर अंधारं वाटायचं. आज्जी म्हणायची, "अंधार हाय म्हणून गार हाय." यात सगळं वास्तुशास्त्र आलं. ऊन आत येऊच द्यायचं नाही. भिंत दिवसभर तापत राहते, पण ती इतकी जाड की उष्णता आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री माणसं माळवदावर झोपायला गेलेली असतात.

म्हणजे आपल्या भागातलं उन्हाला दिलेलं सगळ्यात जुनं उत्तर पडदा हे नव्हतंच. खिडकीच लहान ठेवायची, हे होतं. पडदा लागतो तो खिडकी मोठी झाल्यावर.

वाळा, पाणी आणि भिस्ती

मोठी खिडकी, मोठं दार, ही श्रीमंतांची गोष्ट. वाडा, हवेली, पुढे साहेबाचा बंगला. तिथं उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे लागायचे. हिंदीत याला खसाची टट्टी म्हणतात. वाळा म्हणजे आपण माठात टाकतो तेच सुगंधी मूळ. बांबूच्या चौकटीत ही मुळं दाबून बसवायची, चौकट दारात किंवा खिडकीत उभी करायची, आणि दिवसभर तिच्यावर पाणी शिंपडायचं. बाहेरचा गरम वारा ओल्या मुळांतून गार होऊन आत येतो.

अबुल फझलच्या 'ऐन-ए-अकबरी'मध्ये याचा उल्लेख आहे. वाळ्याची घरं करायची आणि वरून पाणी टाकायचं, की भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, असा त्याचा आशय. इंग्रजांनी ही युक्ती जशीच्या तशी उचलली. त्यांच्या बंगल्यात टट्टीवर पाणी मारायला भिस्ती असायचा, पखाल घेऊन.

यात विज्ञान सोपं आहे. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती ते आजूबाजूच्या हवेतून ओढून घेतं. एक लिटर पाणी सुकताना जी उष्णता खेचतं, ती विजेच्या भाषेत मोजली तर साधारण दोन तृतीयांश युनिट भरते. पण हवा कोरडी पाहिजे. मुंबईत हाच पडदा लावला तर नुसती दमट खोली आणि ओली फरशी. सोलापुरात एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी की दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात वाळतो. इथं वाळ्याचा पडदा उत्तम चालतो.

ज्यांना वाळा परवडत नव्हता ते काय करायचे? गोणपाट भिजवायचे. पोतं उसवून खिडकीला टांगायचं आणि तांब्यानं पाणी मारायचं. सुगंध नाही, काम तेच. आणि आज आपण जो कूलर लावतो, तो म्हणजे पंखा जोडलेली टट्टी. भिस्त्याच्या जागी छोटी मोटर आली एवढंच.

पण या उपायाला पाणी लागतं. सोलापुरात आजही अनेक भागांत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. उजनी धरण असूनही. ज्या घरात पिण्याचं पाणी पिंपात मोजून भरतात, त्या घरानं खिडकीवर रोज दोन बादल्या ओतायच्या का? म्हणून वाळ्याचा पडदा गरिबाच्या घरात कधी रुजला नाही. त्याला बिनपाण्याचा उपाय हवा होता.

चिक आणि झिलमिल

तो उपाय म्हणजे चिक. बांबूच्या बारीक कामट्या सुतळीनं विणून केलेला पडदा, दोरी ओढली की गुंडाळत वर जाणारा. शब्द मूळ तुर्की मानतात, फारसीतून आपल्याकडे आला. इंग्रजांनीही तोच घेतला आणि त्याचं 'चिक'च ठेवलं. आपल्याकडे हे काम बुरूड कारागिरांचं. सुपं, टोपल्या, दुरड्या करणारे हात तेच, कामट्या काढायचं कसब तेच.

चिकेचा आणखी एक गुण पूर्वीच्या लोकांना फार महत्त्वाचा वाटायचा. दिवसा बाहेर उजेड जास्त, आत कमी. त्यामुळे आतल्याला बाहेरचं सगळं दिसतं आणि बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. बायकांना पडद्यात ठेवणाऱ्या घरांत चिक इतकी का लोकप्रिय झाली, ते यावरून कळतं. गंमत म्हणजे रात्री आत दिवा लावला की हे उलटं होतं. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

सोलापुरात रेल्वे आली १८६० मध्ये. रेल्वेबरोबर साहेब आला, साहेबाबरोबर बंगला आला, आणि बंगल्याला झिलमिलीच्या खिडक्या आल्या. झिलमिल म्हणजे तिरक्या लाकडी पट्ट्यांचं दार. जुन्या रेल्वेच्या डब्यात खाली ओढायची पट्ट्यापट्ट्यांची झडप आठवते ना? तीच. ऊन अडतं, वारा येतो.

या पट्ट्यांचं बारसं प्रत्येकानं शेजाऱ्याच्या नावानं केलंय. इंग्रज म्हणतात व्हेनिशियन, म्हणजे व्हेनिसची. लंडनमध्ये १७६९ मध्ये तिचं पेटंटही घेतलं गेलं. फ्रेंच लोक खिडकीबाहेरच्या पट्टीदार दारांना 'पर्सियेन' म्हणतात, म्हणजे इराणची. ऊन आणि ते अडवायची कला आपल्या पूर्वेकडून आली, याची कबुलीच आहे ती.

आता एक गोष्ट नीट बघा. वाळ्याचा पडदा कुठं लागायचा? दाराखिडकीच्या चौकटीत, बाहेरच्या वाऱ्याच्या तोंडावर. चिक कुठं? व्हरांड्याच्या कडेला, खांबांच्या मधे. झिलमिल कुठं? खिडकीच्या बाहेरच्या अंगाला. सगळ्यांनी उन्हाला उंबऱ्याबाहेर थांबवलं होतं.

कापडाचं शहर

आता शहरात या. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली, जिला लोक पुढे जुनी मिल म्हणू लागले. मग लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू, जाम या गिरण्या आल्या. त्याआधीपासूनच तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर इथं हातमागावर विणत होते. साखर पेठ, भवानी पेठ, अशोक चौक हा सगळा मागांच्या आवाजाचा भाग.

या शहरानं जगाला काय दिलं? चादर आणि टॉवेल. दोन्हींना आज भौगोलिक मानांकन आहे. सोलापुरी चादर जॅकार्डवर विणली जाते, दोन रंगांत, आणि एका बाजूचा रंग दुसऱ्या बाजूला उलटा येतो. म्हणजे सरळ-उलटं असं काही नाही, दोन्ही बाजू दाखवण्याजोग्या.

आणि मागवाल्यांच्या वस्तीत फिरलात तर खिडकीला काय दिसतं? तीच चादर. विणताना धागा चुकलेला, बाजारात न जाणारा 'सेकंड'चा माल. एक टोक खिळ्याला, दुसरं गजाला. पडद्याचं वेगळं कापड विकत घ्यायचं म्हणजे इथं चैनच समजली जायची. आमच्याही घरी कितीतरी वर्षं एक मोराची चादर खिडकीला होती. उन्हानं मोराचा निळा रंग पार राखाडी झाला होता. पण जाड सूत, घट्ट वीण, ऊन चांगलं अडायचं. शिवाय चादर विणकराच्या घरी होती तशी गिरणी कामगाराच्या घरीही होती. बाकीच्या घरांत आईची जुनी साडी. त्याबाबतीत महाराष्ट्र एक आहे.

काच आली, भिंत गेली

मग घरंच बदलली. सिमेंट आलं, स्लॅब आला, लोकसंख्या वाढली. आणि आपल्या भागात आणखी एक गोष्ट घडली: ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. शेजारच्या लातूर-उस्मानाबादमध्ये हजारो माणसं मेली, आणि त्यातली फार मोठी संख्या जाड भिंती आणि मातीच्या जड छपराखाली दबून गेली. त्या पहाटेनंतर माळवदाबद्दल लोकांच्या मनात जी भीती बसली ती अजून आहे. आज्जीचं गार घर आता मृत्यूचा सापळा वाटायला लागलं. लोकांनी पत्रे घातले, स्लॅब टाकले. त्यांचं चुकलं असं मी अजिबात म्हणणार नाही.

पण त्या बदलाची एक किंमत होती. भिंत आली चार किंवा सहा इंचांची. खिडकी आली चार बाय चारची, तीही काचेची आणि सरकती. सरकती म्हणजे एका वेळी निम्मीच उघडणार. आणि काचेचा स्वभाव असा की ऊन सहज आत येऊ देते, पण आतल्या तापलेल्या वस्तूंची उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. उन्हात उभी केलेली गाडी आठवा.

आणि याच काळात पडदा खिडकीच्या बाहेरून आत आला. पडदा हे उन्हाचं साधन न राहता शोभेची वस्तू झाली. सोफ्याला मॅचिंग. मंडळी, उन्हानं एकदा काच ओलांडली की खेळ बराचसा संपलेला असतो. आतला पडदा स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. पडदा पांढरा असेल तर थोडं ऊन काचेतून परत जातं. गडद असेल तर तो भिंतीवरच्या हीटरसारखा वागतो.

हे मी अक्कलखाती पैसे घालून शिकलो. पहिल्या भाड्याच्या घरात पश्चिमेला मोठी खिडकी होती. हौसेनं बांबूची चिक आणली आणि आत, पडद्याच्या दांडीच्या जागी लावली. छान दिसायची. दुपारी चारला खोली मात्र तशीच तापायची. ज्यांच्याकडून घेतली त्या बुरूडमामांकडे तक्रार घेऊन गेलो. ते म्हणाले, "काय ओ सर, घरात लावली व्हय? ती भायेरची वस्तू हाय. आत लावली की नुस्ता देखावा." तीच चिक दुसऱ्या दिवशी ग्रिलच्या बाहेर बांधली. फरक संध्याकाळी भिंतीला हात लावूनच कळला.

सूप मांडीवर घेऊन

आता हा विषय मला नुसता गमतीचा का वाटत नाही, ते सांगतो.

गिरण्या एकेक करून बंद पडल्या. सोलापुरात हजारो घरं विड्या वळणाऱ्या बायकांच्या मजुरीवर चालली, आजही चालतात. विडी घरी वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. मजुरी हजार विड्यांमागे. म्हणजे दिवसाचे कित्येक तास एका जागी बसून काम.

त्या बाईची अडचण बघा. खिडकी उघडी ठेवली तर ऊन आणि झळ, पान वाळून तुटतं. म्हणून पानं ओल्या फडक्यात ठेवावी लागतात. पंखा जोरात लावला तर तंबाखू उडते. चादरीचा जाड पडदा ओढला तर अंधार, मग वळायचं कसं? दिवसा दिवा लावला तर वीजबिल. तिला एकाच वेळी उजेड पाहिजे, वारा पाहिजे आणि ऊन नको. फ्लॅटवाल्या माणसाला जो प्रश्न शोभेचा किंवा आरामाचा वाटतो, तो तिच्या मजुरीचा प्रश्न आहे.

सोलापुरात कामगारांच्या घरांची मोठी कामं झाली. कुंभारीला विडी कामगार महिलांची गोदूताई परुळेकर वसाहत, २००६ मध्ये, दहा हजार घरांची. त्यानंतर रे नगर, जिथं १९ जानेवारी २०२४ रोजी पंधरा हजार घरं दिली गेली. छपराचा प्रश्न सुटणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण छोटं घर, स्लॅबचं छत आणि उघडं माळरान. तिथं मे महिन्यातली दुपार कशी जात असेल? हक्काचं घर मिळाल्यावर पुढचा सगळ्यात स्वस्त सुधार कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन: पश्चिमेच्या खिडकीबाहेर सावली. उजेड, वारा आणि उन्हाला अटकाव, हे तिन्ही चिकेत मिळतं.

तर मग सहा खिडक्या

आता ई-मेल लिहिणाऱ्या श्रोत्यांचा हिशेब. सगळ्या खिडक्यांना सारखा खर्च करायचा नाही, हे पहिलं.

सोलापूर साधारण पावणेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. तिथपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे मे महिन्याच्या मध्यानंतर दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं ऊन येतच नाही. मार्च-एप्रिलमध्ये येतं ते उंचावरून, त्याला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. डिसेंबरमध्ये तिथून ऊन आत येतं, पण तेव्हा ते हवंच असतं. दक्षिणेला साधा सुती पडदा बास.

खरा शत्रू पश्चिम. दुपारी तीननंतरचा सूर्य खाली उतरलेला असतो, छज्जाखालून थेट आत घुसतो. आणि उन्हाळ्यात तो थोडा उत्तरेकडे झुकून मावळतो, म्हणून वायव्येची खिडकीही धरा. पैसे इथं घाला. बाहेरून चिक, ग्रिलला घट्ट बांधून. सुतळीऐवजी नायलॉनची दोरी लावून घ्या, जास्त टिकते. वळवाच्या वाऱ्यात आपटू नये म्हणून खालची पट्टीही बांधा. जूनमध्ये काढून गुंडाळून ठेवा, पावसात बांबूला बुरशी धरते. रात्री आत दिवा लावल्यावर बाहेरून दिसतं, हे मघाशी सांगितलंच, त्यासाठी आतून एक पातळ पडदा.

सोसायटी बाहेर चिक लावू देत नसेल तर शेतीच्या दुकानात मिळणारी शेडनेट. पन्नास, पंचाहत्तर, नव्वद टक्के अशी मिळते. राहत्या घराला पंचाहत्तरची घ्या, नव्वदला खोली फार काळोखी होते. तीही जमत नसेल, आणि पडदा आतच लावायचा असेल, तर काचेकडची बाजू पांढरी ठेवा. रोलर ब्लाइंड घेतलात तरी हाच नियम.

पूर्वेची खिडकी सकाळी तापते, पण तेव्हा हवा गार असते. तिथं सेकंडची चादर लावा आणि दहानंतर ओढून घ्या. आपल्या शहराचा माल आहे, लाजायचं कशाला? उत्तरेला काही खास नको.

म्हणजे सहापैकी दोनच खिडक्यांना खरा खर्च. चौदा हजारांतले बरेचसे वाचतील. वाचलेल्यातून एखादा हप्ता जाईल.

तुमच्या घरात जुन्या चिका असतील, झिलमिलीची दारं असतील किंवा वाळ्याच्या पडद्यांची आठवण सांगणारं कुणी असेल, तर फोटो आणि आठवणी जरूर पाठवा. आणि बुरूडकाम करणारं कुणी तुमच्या गावात असेल तर या उन्हाळ्यात एक चिक त्यांच्याकडून करून घ्या. ऑर्डर मात्र फेब्रुवारीतच द्या. एप्रिलमध्ये गेलात तर ते लग्नाच्या सुपांत आणि दुरड्यांत अडकलेले असतात. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.